पहिली गाडी घेताना पाचव्या फेरीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचला नोकरी, चारचाकीचं लायसन्स आठ वर्षांपासून, शिल्लक ९ लाख. २०१९ चा एक दहाचाकी मालट्रक १७ लाखांत मिळतोय, साडेबारा लाख कर्ज द्यायला फायनान्सवाला तयार आहे. ओळखीचा एक ट्रान्सपोर्टर म्हणतो, ‘माल मी देतो, काळजी करू नकोस.’ या धंद्याचा अनुभव शून्य. गाडी घेऊ का, आणि घेतली तर ड्रायव्हर ठेवू की स्वतः चालवू?

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर, मग स्वतःची एक गाडी, आता चार. त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ असं एका शब्दात सांगणार नाही. पण तुम्ही जो प्रश्न विचारलाय, त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. कुठली गाडी, किती हप्ता, कोणाची ओळख, हे सगळं नंतरचं. खरा प्रश्न असा: गाडी उभी राहिली तर तुम्ही किती दिवस तग धरू शकता? पळणाऱ्या गाडीचं गणित कोणालाही जमतं. धंदा बुडतो तो उभ्या गाडीमुळे.

कागदावर मांडून बघू. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या लाइनचे खरे आकडे तुम्ही घाला. चाकण ते बेंगळुरू आणि परत, फिरून-वळून साधारण १,७५० किलोमीटर. भरलेली दहाचाकी सरासरी ४ चं ॲव्हरेज देते असं धरलं तर ४३७ लिटर डिझेल लागतं, ९० रुपयांच्या भावाने ३९,४०० रुपये. टोल ११ हजार धरा. ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता मिळून फेरीला ८ हजार. दलाली, हमाली, वजनकाटा, पंक्चर असं किरकोळ ३ हजार. झाले ६१,४००. भाडं जाताना ४७ हजार आणि येताना ३५ हजार, म्हणजे ८२ हजार मिळाले असं समजू. हातात राहिले २०,६००.

नवखा माणूस इथे थांबतो आणि खूश होतो. पण टायर झिजलेत, ते कोणी भरायचे? दहा टायर २२ हजारांच्या भावाने सव्वादोन लाखांच्या घरात जातात. ते ७० हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला तीन रुपयांवर खर्च बसतो, फेरीला साडेपाच हजार. ऑइल, ग्रीसिंग, क्लच, लायनर, कमानी (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांचे किलोमीटरला दीड रुपया धरा, ते झाले २,६००. आता उरले साडेबारा हजार.

आता महिन्याचा ठरलेला खर्च बघा. साडेबारा लाखांवर १५ टक्के व्याज आणि ४८ हप्ते धरले तर हप्ता येतो ३४,८०० च्या आसपास. विम्यात नुसत्या थर्ड पार्टीचाच प्रीमियम या वजनाच्या गाडीला वर्षाला ४४ हजारांच्या घरात जातो. त्यात गाडीचा स्वतःचा विमा मिळवला की महिन्याला साडेसहा हजार बाजूला पडायला हवेत. नॅशनल परमिटची वर्षाची एकत्रित फी १६,५०० आणि ऑथोरायझेशनचे १,०००. टॅक्स आणि पासिंग (फिटनेस तपासणी) यांसकट महिन्याला साडेचार हजार धरा. एकूण ४६ हजार.

म्हणजे महिन्याच्या पहिल्या चार फेऱ्या बँकेच्या, विमा कंपनीच्या आणि आरटीओच्या. पाचवी फेरी तुमची. आणि सहा दिवसांची एक फेरी धरली तर पाच फेऱ्यांना तीस दिवस लागतात. लोडिंगला दोन दिवस थांबलात, परतीचं भाडं मिळायला तीन दिवस गेले, गणपतीत ड्रायव्हर गावी गेला, की पाचवी फेरी गेलीच. मग महिनाभर तुम्ही इतरांसाठी राबलात.

म्हणून ‘स्वतः चालवू का’ याचं माझं उत्तर हो असं आहे. फेरीला वाचणारे आठ हजार हे त्याचं लहान कारण. मोठं कारण असं की ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याला ड्रायव्हर काय सांगतो यातलं खरं-खोटं कळत नाही. घाटात गाडी तापली, डिझेल जास्त लागलं, टायर कटला, या प्रत्येक वाक्यावर मान डोलावण्यापलीकडे तुमच्या हातात काही राहत नाही. डिझेल हा निम्मा खर्च आहे आणि तो ड्रायव्हरच्या पायाखाली असतो. एकाच गाडीचं ॲव्हरेज एका माणसाच्या हातात ४.२ येतं आणि दुसऱ्याच्या हातात ३.७. वरच्या १,७५० किलोमीटरवर हा फरक पाच हजार रुपयांचा होतो, कोणी डिझेल चोरलेलं नसताना.

पण लगेच उद्या स्टिअरिंगवर बसू नका. तुमच्या लायसन्सवर ही गाडी चालवता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एक गोष्ट स्पष्ट केली, की एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. दहाचाकीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत असतं, म्हणजे तिला अवजड वाहनाचंच लायसन्स हवं. एलएमव्हीला एक वर्ष झालं की अवजडचं शिकाऊ लायसन्स काढता येतं, तुम्हाला ती अडचण नाही. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र मात्र लागेल. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण चुकीच्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट बोलतो. तुम्ही डिस्पॅचला आहात, ही जमेची बाजू आहे आणि तुम्हाला ती दिसलेलीच नाही. गाडी गेटवर आल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती तास जातात, कोणत्या ट्रान्सपोर्टरचं बिल वेळेवर निघतं, कोण गाडीवाल्यांना झुलवतं, हे तुम्ही रोज बघता. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे कळायला चार वर्षं आणि दोन बुडालेले बॅलन्स (माल पोचल्यावर मिळायचं उरलेलं भाडं) लागले. नोकरी सोडायच्या आधी एक काम करा. तुमच्या गेटवर येणाऱ्या गाडीवाल्यांना चहा पाजा आणि एकच विचारा, ‘मागच्या महिन्यात गाडी किती दिवस उभी होती?’ भाडं किती मिळालं ते विचारू नका, ते कोणीच खरं सांगत नाही. किती दिवस उभी होती, हे मात्र लोक पोटतिडकीने सांगतात.

आणि रजा टाकून एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर तीन-चार फेऱ्या करा. क्लिनर म्हणून करा, पाहुणा म्हणून नको. ताडपत्री बांधा, रस्सी ओढा, रात्री केबिनमध्ये झोपा. मे महिन्यात केबिनमध्ये झोपणं काय असतं ते एकदा अंगावर घ्या. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, तुमच्या २०१९ च्या गाडीला तो थाट नाही. त्यानंतर जमलं तर सहा महिने दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी करा. अनुभव विकत घ्यावाच लागतो. तो दुसऱ्याच्या टायरवर घ्यायचा की स्वतःच्या, एवढंच आपल्या हातात असतं.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या पावसाळ्यात कोल्हापूरकडून साखर भरली, मुंबईकडे यायचं होतं. ताडपत्री जुन्या मालकाकडूनच मिळालेली. डाल्याच्या (माल भरायच्या हौद्याच्या) एका खिळ्याने तिला भोक पडलं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. मी ते पाहिलं होतं. वरून दुहेरी घडी घातली की भागेल असं वाटलं. बोरघाटात पाऊस असा लागला की वायपरला काच दिसेना. माल उतरवताना वरची चार पोती ठीक होती, त्याखालची सात ओली. पाणी घडीतून आत शिरून उताराने एका कोपऱ्यात जमलं होतं. गोदामवाल्याने पोचपावतीवर तिथेच लाल शाईने ‘७ डॅमेज’ असं लिहिलं. बॅलन्समधून सात पोत्यांचे पैसे कापले गेले आणि ती फेरी तोट्यात गेली. नवी ताडपत्री त्याहून स्वस्त पडली असती. तेव्हापासून मी ताडपत्री आतून बघतो, डोक्यावर घेऊन, उन्हात उभा राहून. भोक असेल तिथून ऊन दिसतं.

पोचपावतीवरून ओळखीच्या त्या ट्रान्सपोर्टरकडे वळतो. ‘माल मी देतो’ हे आश्वासन बहुतेक वेळा खरंच असतं, तो खोटं बोलत नसतो. पण तो माल कोणत्या भावाने देणार आणि बॅलन्स कधी देणार, हे त्या वाक्यात येत नाही. भाडं ठरवताना रकमेबरोबर चार गोष्टी तोंडाने विचारून मोबाइलवर लिहून घ्या. वजन किती भरणार? हमाली आणि वाराई (माल उतरवण्याची मजुरी) कोणाकडे? खाली व्हायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागले तर थांबण्याचे रोजचे किती? बॅलन्स पोच दिल्यापासून किती दिवसांत? यातलं शेवटचं उत्तर ‘अरे देऊ ना’ असं आलं, तर ॲडव्हान्स ९० टक्के मागा. पोचपावतीचा फोटो माल उतरताक्षणी पाठवा आणि मूळ कागद जिवापाड जपा. तो हरवला तर बॅलन्स विसरा, कारण पैसे न देण्यासाठी समोरच्याला याहून चांगलं निमित्त मिळत नाही.

एकाच माणसाच्या मालावर अवलंबून राहू नका, हेही सांगून ठेवतो. जाताना त्याचा माल घ्या. पण येताना बेंगळुरूहून कोण देणार? गाडी घेण्याआधी परतीच्या टोकाला निदान दोन दलाल ओळखीचे हवेत. पहिल्या दिवशी चांगलं भाडं आलं नाही तर दुसऱ्या दिवशी मिळेल ते भाडं घेऊन निघायचं, हा माझा नियम. तीन हजार कमी मिळाले म्हणून दोन दिवस थांबणारा माणूस पाचवी फेरी घालवतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. अपवाद फक्त रिकामं येण्याइतकंही डिझेल सुटत नसेल तेव्हा.

सुरुवातीला स्वतःची बिल्टी (माल वाहतुकीसाठी घेतल्याची पावती) छापू नका. नव्या माणसाला नावाचं बिल्टीबुक असावं अशी फार हौस असते. बिल्टी दिली की तुम्ही माल वाहतूक एजन्सी ठरता, जीएसटीचे नियम लागतात, आणि मालाची जबाबदारीही तुमच्या नावावर येते. ट्रान्सपोर्टरच्या बिल्टीवर गाडी भाड्याने लावलीत तर जीएसटीची ती कटकट तुमच्यापर्यंत येत नाही. आयकराचंही सोपं आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. तुमच्या गाडीचे वर्षाचे ३ लाख ४२ हजार. आणि दहा किंवा त्यापेक्षा कमी गाड्या असल्याचं पत्र पॅनसह ट्रान्सपोर्टरला दिलंत तर तो भाड्यातून टीडीएस कापत नाही. हे पत्र न देता वर्षभर टीडीएस कापून घेणारे आणि परतावाही न मागणारे मी कितीतरी पाहिलेत.

ओव्हरलोडबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते तुमच्या दारात येणारच. २०१८ मध्ये केंद्राने दहाचाकीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माल साधारण १८-१९ टन बसतो. लोडिंगवाला म्हणेल, ‘बावीस घ्या, वरच्या तीन टनांचे वेगळे देतो.’ कायद्यात दंड आहे २० हजार, शिवाय जादा प्रत्येक टनाला २ हजार. तीन टनांना २६ हजार. वरच्या हिशेबात फेरीला साडेबारा हजार सुटत होते, म्हणजे दोन फेऱ्या गेल्या. त्यात कमान तुटली तर तिसरी. जुन्या धेंडांना हे परवडत असेल, त्यांच्याकडे वीस गाड्या आहेत. एका गाडीच्या मालकाला परवडत नाही.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, माल पाठवणारा काढतो, पण रस्त्यात थांबवतात ते तुम्हाला. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. चाकण ते बेंगळुरूला पाच दिवस मिळतात, भरपूर वाटतात. खंबाटकीच्या अलीकडे गिअरबॉक्स बसला आणि सामान यायला तीन दिवस गेले, की ते भरपूर राहत नाहीत. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. म्हणून गाडी बंद पडली की मिस्त्रीच्या आधी ट्रान्सपोर्टरला फोन करायचा.

आता पैशांकडे येऊ, कारण निर्णय तिथे होणार आहे. तुमच्या ९ लाखांतले साडेचार गाडीच्या मार्जिनमध्ये, म्हणजे कर्जाबाहेरच्या तुमच्या वाट्यात जातील. नाव बदलणं, विमा, बॅटरी, ब्रेकचं काम, दोन-चार टायर यात दीड लाख सहज जातो. उरतात तीन. या तिनाला हात लावायचा नाही. तीन हप्ते झाले लाखभर, अडकलेले बॅलन्स आणि पुढच्या डिझेलसाठी एक लाख, आणि एक लाख इंजिन किंवा गिअरबॉक्ससाठी. फायनान्सवाला म्हणेल, ‘मार्जिन जास्त भरा, हप्ता कमी होईल.’ ऐकू नका. हप्ता दोन हजारांनी जास्त असलेला चालतो, पण डिझेलला पैसे नाहीत म्हणून भरलेली गाडी उभी राहिलेली चालत नाही. घरात दुसरा पगार नसेल किंवा या ९ लाखांत बहिणीच्या लग्नाचे पैसे धरलेले असतील, तर माझं उत्तर बदलतं. मग साडेसात टनांच्या आतली गाडी बघा. ती तुमच्या आहे त्या लायसन्सवर चालते, पुणे-भिवंडी-नाशिक अशी जवळची लाइन मिळते, रात्री घरी येता, आणि चूक झाली तरी तिची किंमत कमी असते. भाडंही कमी, हे खरं. पण शिकायला ती बरी.

राहिली ती २०१९ ची दहाचाकी. वाईट निवड नाही. ती बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं जुनं मानक) आहे, म्हणजे बीएस-६ च्या मानाने सेन्सरची भानगड कमी, गावाकडचा मिस्त्रीही खोलू शकतो. काही बीएस-४ गाड्यांनाही युरिया लागतो, तेवढं बघून घ्या. पण दिल्लीत बाहेरच्या राज्यांच्या बीएस-६ पेक्षा जुन्या मालगाड्यांवर निर्बंध आले आहेत, उत्तरेची लाइन डोक्यात असेल तर हे लक्षात घ्या. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे तो खर्च आता जवळ आलाय. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून थकलेला टॅक्स, चलनं आणि जुन्या फायनान्सचा बोजा बघा. बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय आणि फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या.

गाडी बघायला पहाटे जा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यांनी आधी तापवून ठेवली आहे, मग थंड इंजिन कसं उठतं ते तुम्हाला कळणारच नाही. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढून आतून धूर भकाभका मारतोय का ते बघा. मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा, मागच्या कमानीच्या हँगरपाशी, म्हणजे कमान चॅसिसला अडकते तिथे. नवा काळा रंग फक्त तिथेच दिसला तर चावीने खरवडा. माझ्या पहिल्या गाडीला मी खरवडलं नव्हतं. रंगाखाली वितभर वेल्डिंग होतं, आणि ते मला आठ महिन्यांनी कळलं, भरलेली गाडी एका बाजूला बसली तेव्हा.